मालूची मासोळी

मालू नाखवा माझ्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षं बसली आणि तेवढ्या वर्षांत तिने माझा एक सल्ला मानला असेल तर शपथ. मी सुहासिनी, पॅकिंगवाली. मानपाड्याला एमआयडीसीत आमचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड आणि अठ्ठावीस माणसं. गॅसच्या शेगडीच्या कॉकमध्ये बसतात ते पितळी नट आम्ही बनवतो, करंगळीच्या नखाएवढे. त्यांच्यावर नंबर ठोकायचं काम मालूचं आणि ठोकलेले नट पिशवीत भरायचं काम माझं.

ठोकायचं म्हणजे नट लोखंडी ठोकळ्याच्या खाचेत उभा करायचा, वर पंच, म्हणजे पोलादी ठसा, धरायचा आणि हातोडीचा एक घाव. दिवसाला हजार-बाराशे. आमचे जुने मालक आबा, त्यांचा एक नियम होता. जो ठोकेल त्याने नंबराशेजारी आपली खूण टाकायची, म्हणजे माल परत आला की कोणाचा हात ते कळतं. कोणी टिंब टाकायचं, कोणी फुली. मालू कळव्याच्या खाडीकाठची कोळीण. तिने एक जुना पंच ग्राइंडरवर घासून घासून त्याच्यावर मासोळी काढली, तिळाएवढी, शेपटीसकट. आबा हसले आणि म्हणाले, चालू दे. पुढे पुढे गिऱ्हाईकच मागायला लागलं, मासोळीवाला माल द्या म्हणून. एकवीस वर्षांत तिचा एक नट परत आला नाही. माझ्या पिशव्या आल्यात परत, कमी भरल्या म्हणून. खोटं कशाला बोलू.

आबांचे गुडघे गेले आणि त्यांचा मुलगा ऋतुराज कारखाना बघायला लागला. त्याने मार्किंगची मशीन आणली. एक मोठी स्टीलची वाटी, ती थरथरते. आत नट ओतले की ते स्वतःहून काठाकाठाने वर चढतात, एकामागे एक रांग लावतात. टोकाला पोचले की वरून लाइट चमकतो आणि नंबर कोरलेला नट खाली ट्रेमध्ये. तासाला दोन हजार. मी तर आ वासून बघत राहिले. मालूही बघत होती. मशीनबरोबर पायाने दाबायचं एक पेडल आलेलं, ते प्रणितने, म्हणजे मशीन चालवणाऱ्याने, कपाटामागे टाकलं. सगळं ऑटोमॅटिक आहे काकी, पायाची गरज नाही, म्हणाला. मालूने त्याला एकच विचारलं.

"नटाला हात लावते काय ही?"

"नाही ना. नुसता लाइट पडतो."

"मंग हिला कलनार कसा?" मालू म्हणाली. काय कळायचंय ते ना त्याने विचारलं, ना मी.

मालूला माझ्याकडे पॅकिंगला बसवलं. पहिला ट्रे आमच्यासमोर आला, तिने एक नट उचलून डोळ्यांजवळ धरला आणि तिचं तोंडच उतरलं. नंबराशेजारी मासोळी होती. तिचीच, शेपटीसकट, कॉम्प्युटरमध्ये घातलेली. ती तडक केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, सगळ्या शेडने ऐकलं.

"ऋतू, माजी खूण काढ."

"काकी, ती आता कंपनीची खूण आहे. पार्टी तीच मागते."

"कंपनीची नाय. मी घासलीय ती. मी ज्याला हात लावला नाय त्याच्यावर माजी मासोळी नको."

ऋतुराज हसला. वाईट मुलगा नाही तो, पण तेव्हा हसला हे खरं. मी मालूला म्हटलं, अगं दोन वर्षं राहिलीत रिटायरला, कशाला नसती झेंगटं लावून घेतेस, खुणेने काय तुझं पोट भरतं? चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबासुद्धा पाण्याच्या टाकीजवळ जाऊन खाल्ला. मला इतका राग आला तिचा.

दोन महिन्यांनी माल परत आला. टेस्टिंगला नटांतून गॅस गळत होता म्हणे. माल घेणाऱ्या कंपनीच्या मेघाली मॅडम स्वतः येणार होत्या. सकाळी ऋतुराज टाइप केलेला कागद घेऊन आमच्या टेबलाशी आला. माझ्या नजरचुकीने खराब माल पुढे गेला, असं त्यात लिहिलेलं आणि खाली मालूचं नाव.

"सही करा काकी. विषय इथेच मिटेल. तुमची नोकरी राहील, मी शब्द देतो."

"आनि नाय केली तर?"

त्याने पेन कागदावर ठेवलं. त्याचा अर्थ आम्हा दोघींना कळला. मी टेबलाखालून मालूचा पाय दाबला. कर बाई सही, असं म्हणायचं होतं मला. आज लाज वाटते, पण तेव्हा मला तिच्या नोकरीचीच भीती होती. तिच्या घरात कमावणारी तीच.

मालू म्हणाली, "एकवीस वर्सं मी रोज सही केली, नटावर. या कागदावर नाय करनार."

मॅडम घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून दोन तास काढून आल्या होत्या, त्यामुळे आधीच तापलेल्या. त्यांनी टेबलावर पिशवी उपडी केली आणि म्हणाल्या, "ही मासोळी कोणाची?"

"माजी हाय," मालू म्हणाली. "पन हे नट माजे नाय."

"म्हणजे काय?"

"प्रणित, मशीन बंद कर."

शेड शांत झाली. मालूने आपला जुना ठोकळा पुढे ओढला आणि वीतभर उंचीवरून एक नट त्याच्यावर सोडला. टिंग. दुसरा सोडला. टिंग. तिसरा पडला तो बद्द. तो तिने बाजूला ठेवला. बाजारात माठ घेताना आपण वाजवून घेतो ना, तसंच ते. तिने तीस नट टाकले, अकरा बाजूला काढले. मॅडमनी भिंगाखाली ते अकरा बघितले. सगळ्यांच्या आट्यांमध्ये केसासारखी चीर होती. बाकीच्या एकोणिसांत एकालाही नव्हती.

"तुमच्या हातचा माल कधीच कसा आला नाही परत?" मॅडमचा आवाज आता खाली आलेला.

"घाव घातला का नट बोलतो. बद्द बोलला का मी फेकायची. तुमाना वाटला मी नंबर टाकते. मी आयकत व्हते."

एकवीस वर्षं मी हातभर अंतरावर बसलेले. मला पत्ता नव्हता.

ऋतुराज पुढे आला. "ठीक आहे काकी, आता तुम्ही आधी तपासून द्या, मग मशीन छापेल."

"नाय. मना माहीत हाय, घाई झाली का तू तसाच ओतशील." तिने कपाटामागे बोट दाखवलं. "ते पेडल लाव. मी एक ट्रे आयकीन, मंग पाय देईन. माज्या पायाबिगर ही मशीन मासोळी छापनार नाय. जमत नसेल तर मासोळी काढून टाक आनि मना घरी पाठव."

ऋतुराज मॅडमकडे बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, "आम्ही माल मासोळीवर घेतो." पेडल त्याच संध्याकाळी लागलं. मशीनसमोरचं मालूचं स्टूल एका पायाने डुगडुगत होतं. तिने तो सही न केलेला कागद चार घड्या घालून त्या पायाखाली सारला. अजून तिथेच आहे.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, ऋतुराज घामाघूम. शेवटच्या ट्रेमधले अर्धे नट बद्द बोललेले, आणि अर्धवट माल पार्टी घेत नाही.

"काकी, एवढाच ट्रे आहे. दाबा लवकर. पुढचं मी बघतो."

मालूने पेडलवरचा पाय उचलला. मग दुसराही उचलला आणि स्टुलावर चक्क मांडी घातली. डबा उघडला. करंदीच्या कालवणाचा वास शेडभर झाला.

"सुहासिनीकाकी, तुम्ही तरी समजवा यांना," ऋतुराज मला म्हणाला.

मी पिशव्या बाजूला सारल्या, माझं स्टूल मालूच्या स्टुलाला लावलं आणि माझाही डबा उघडला. टेम्पो रिकामा गेला.