गप्प बसा मॅडम

मुलांना बोलायला शिकवणाऱ्या आमच्या मॅडमचं लाडकं वाक्य होतं, "तुम्ही गप्प बसा." हे मुलांना नव्हे, आईबापांना. मुलुंडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्या स्पीच थेरपी घेत. बाहेरच्या बाकावर ताटकळणारे आम्ही पालक त्यांना 'गप्प बसा मॅडम'च म्हणायचो.

माझी मुलगी मनू डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली. कान तपासून झाले होते, त्यांत दोष नव्हता. तरी शाळेचं वय झालं आणि तोंडातून चार शब्द निघेनात. पहिल्या दिवशी मॅडमनी तिला विचारलं, "नाव काय गं तुझं?" तिने तोंड उघडायच्या आत मी, बायको आणि माझी आई एकदम ओरडलो, "मनू! सांग, मनू!" पाहुण्यांपुढे पोराला उभं करून नाव वदवून घ्यायची आपली जुनी खोड. मॅडमनी झुरळाकडे बघावं तसं आमच्याकडे पाहिलं. "तिघांचंही नाव मनूच का?"

मग पंखा बंद झाला. "तुम्हाला वारा लागतो, पण तिला त्याचा आवाज नडतो. शब्द कानात जातो, अर्थ लागायला वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही दुसरा प्रश्न फेकता, की बिचारी पुन्हा पहिल्यापासून. आणि ओरडता कशाला? ती बहिरी नाही, तुम्ही उतावळे आहात."

माझी आई मालवणची. वेखंड उगाळून, मधात कालवून नातीच्या जिभेला लावायची. मॅडमना वास आलाच. "आजी, हिची जीभ बरी आहे, तुमची आवरा."

"नातीशी बोलूचा नाय, मग काय भिंतीशी बोलू?"

"बोला की. पण मग थांबा. भिंतीकडून उत्तर नको असतं, नातीकडून हवंय ना?"

आमच्या नात्यात ज्ञानी माणसांना तोटा नाही. घाटकोपरचा मावसभाऊ म्हणाला, "लाडावून ठेवलीय रे, एक ठेवून दे, बोलेल." त्याचा स्वतःचा मुलगा मोबाइल दाखवल्याशिवाय घास गिळत नाही. मी हे मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "त्या भावाला आणा इकडे. मुलीआधी त्याला बघते."

एका दुपारी त्या बंद खोलीत घामाने निथळत मनू आपण होऊन म्हणाली, "पाणी हवं." बायकोला हुंदका फुटला. मॅडम खेकसल्या, "रडताय काय? पाणी द्या तिला!"

पुढे मॅडमचे गुडघे गेले आणि त्या नाशिकला मुलाकडे राहायला निघाल्या. शेवटच्या दिवशीही पंखा बंदच होता. "मनू, मी उद्या जाते. आता परत येणार नाही." माझ्या आईचे ओठ हलायला लागले, तसा तिने पदर तोंडाशी धरला. बऱ्याच वेळाने मनू म्हणाली, "मग माझं कोण ऐकणार?"



"मी आयकतलंय," आई हळूच म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे नेहमीच्या तुच्छतेने बघायचा प्रयत्न केला, पण डोळे भरून आले. मनू आजीकडे बघत राहिली. विश्वास बसायला तिला वेळ लागत होता. आम्ही कुणीच काही बोललो नाही.