कल्ला उचलून बघणारे काका

न पाहिलेल्या माणसावर तुमचा एवढा विश्वास का बसतो? आगाशीच्या मासळी बाजारात एक काका नेहमी दिसतात. प्रत्येक बांगड्याचा कल्ला उचलून हुंगतात, दहा रुपयांसाठी कोळणीशी हुज्जत घालतात. याच काकांनी परवा ऑनलाइन जुना फ्रिज घेतला. फोटोत विकणाऱ्याच्या अंगावर वर्दी होती, म्हणून सगळे पैसे आधीच पाठवले. फ्रिज आला नाही, फोनही बंद झाला.

“वर्दीतला माणूस फसवेल असं वाटलंच नाही,” आज बाजारात बांगड्याचा कल्ला उचलत ते म्हणाले.

कोळीण म्हणाली, “काका, मी पन उद्यापासून वर्दी घालून बसू काय?”

काकांनी बांगडा पुन्हा हुंगला.

तुम्ही तरी फ्रिज समोर चालू करून बघा, मगच पैसे द्या. आणि हुज्जत घालायचीच तर त्या फोटोतल्या वर्दीशी घाला, कोळणीशी नको.