तळपायातल्या काट्यासाठी यवतमाळपर्यंत

आमच्या ह्यांच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली आणि सासूबाई सुई घेऊन त्यांचा तळपाय उकरायला बसल्या. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, खुंट पायात रुतला की जांघेत गाठ धरते, अवधाण येतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तीन आठवड्यांत पायाची चाळणी झाली, काटा काही सापडेना. गाठ मात्र कापसाचा गठ्ठा उचलला की वर यायची, आडवं झालं की गायब. शेवटी मीच ठरवलं, यवतमाळला डॉक्टरकडे जायचं. साल १९६२, लग्नाला आठ महिने झालेले.

"थे चिरफाड करतीन," हे म्हणाले. "मंग लेकरूच नाही झालं त?"

खरी भीती ती होती, आणि मलाही होतीच.

मोटार मिळायची नेरला, गावापासून सहा मैल. बैलबंडीच्या प्रत्येक धक्क्याला हे जांघेवर हात दाबून धरायचे. नेरला कापसाच्या बंड्यांनी रस्ता अडवलेला, त्यात सकाळची मोटार हुकली. झाडाखाली भाकर-ठेचा खाल्ला आणि दुपारच्या मोटारीने निघालो. आता तोच रस्ता पाऊण तासाचा आहे, तेव्हा अंग खिळखिळं व्हायचं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी तळपाय बघितला, मग म्हणाले, "उभे राहा. खोका."

हे खोकले आणि गाठ टुणकन वर आली.

"अवधाण असतं तर पायावर कुठे पिकलेली जखम दिसली असती, गाठ दुखली असती. हा अंतर्गळ आहे, आतडं खाली उतरतंय. ऑपरेशन करून ती फट टाके घालून बंद करू. गाठ आत जाईनाशी झाली, कळा आल्या, उलट्या झाल्या, तर मात्र तासभरही थांबायचं नाही."

मग मीच पदर सावरून विचारलं, "डॉक्टरसाहेब, लेकरं होतीन नं?"

"होतील की," ते हसून म्हणाले.

ऑपरेशन झालं, टाके निघाले आणि दहा दिवसांनी मोटारस्टँडवर आम्ही गरम आलुबोंडे खाल्ले. इतका चविष्ट आलुबोंडा मी पुन्हा खाल्ला नाही. परतताना मी बंडीत ताठ बसले होते, लढाई जिंकून आल्यासारखी. तीन महिने ह्यांना ओझं उचलू दिलं नाही.

दीड वर्षाने मुलगा झाला. बारशाला शेजारचा तुकाराम लंगडत आला, जांघेत गाठ म्हणाला आणि सवयीने सासूबाईंपुढे पाय केला.

सासूबाईंनी नातू माझ्या मांडीवर दिला.

"पाय राहू दे," त्या म्हणाल्या. "उभा राह्य अन् खोक."