सायमीने लिहिलेले बावीस किलोमीटर

आमच्या जिल्ह्यात माणसं अकराशे आणि रेनडिअर बारा हजार. त्यामुळे जिल्हा सभेवर पाठवायला उमेदवार शोधत हिंडावं लागतं. कोर्वानिएमीच्या आम्ही सत्तेचाळीस जणांनी सायमीला निवडून दिलं, कारण टपालाची गाडी तीच चालवायची. जिल्ह्याच्या गावाला ती तशीही जाणारच होती! बुटकी, फटकळ आणि कायम घाईत. मी तिचा शेजारी, तौनो. चाळीस वर्षं तिची बोलणी खातोय.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात एक पत्र घेऊन ती माझ्या अंगणात आली.

"तौनो, मी गाव बुडवलं रे."

पत्रात होतं की तीस किलोमीटरच्या आत दवाखाना असेल तर गावातली नर्स काढून घेणार. दवाखाना जिल्ह्याच्या गावात, कोर्वानिएमीपासून बावीस किलोमीटरवर. गुरुवारी बारा वाजता मतदान. आणि ते बावीस मार्चमध्ये सायमीनेच नर्ससाठीच्या अर्जात भरलेले! मार्चमध्ये मधलं तळं गोठलेलं असतं आणि आम्ही बर्फावरून सरळ पलीकडे जातो. रस्ता म्हटलं की आम्हाला तोच आठवतो. मीसुद्धा बावीसच लिहिले असते. पण मे महिन्यात बर्फ फुटला की त्यावरून ना गाडी जाते, ना होडी. मग तळ्याला वळसा घालायचा, चौऱ्याण्णव किलोमीटर. मागच्या वर्षी याच दिवसांत तिच्या नवऱ्याला, एइनोला, हृदयविकाराचा झटका आला होता. नर्स इन्केरी दोन घरं पलीकडे होती म्हणून तो वाचला.

तिने कचेरीत फोन केला. कारकून म्हणाला, "अर्जावर सही तुमची आहे. दुरुस्ती सभेत उभं राहून सांगा."

गुरुवारी सकाळी आठला आम्ही निघालो. सायमीने अशी गाडी हाणली की माझी कवळी हलली! ओढ्यापाशी रस्त्यावर गुडघाभर पाणी. मी काठी घेऊन पुढे चालत खोली बघायची, ती मागून गाडी आणायची.

"पाय उचल की! लग्नाच्या वरातीत आलायस का?"

पाणी पार व्हायला दीड तास गेला. पुढे वळणावर पाहतो तर रस्ताभर रेनडिअरच्या गाभण माद्या. त्यातली एक तिथेच विणार असं दिसत होतं. विण्याच्या दिवसांत आमच्याकडे कुणी भोंगा वाजवत नाही. बिचकलेली मादी पिलाला टाकून पळते. सायमीने इंजिन बंद केलं.

"अगं, साडेदहा वाजले!" मी ओरडलो.

"हळू बोल, मेल्या." सव्वा तासाने ओलं पिलू उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं, आणि आईमागून झाडीत गेलं. रस्ता मोकळा झाला. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या!

साडेबाराला आम्ही चिखलाच्या बुटांनिशी सभागृहात घुसलो. आमच्याच विषयावर मतदानासाठी हात वर व्हायला लागले होते. अध्यक्ष ओइवा भडकला.

"सायमी, ही काय यायची वेळ झाली? निघालीस कधी?"

"आठला."

"आठला? बावीस किलोमीटर यायला साडेचार तास?"

सायमी कारकुनाकडे वळली.

"अध्यक्ष आत्ता काय म्हणाले ते लिहून घ्या. शब्द न् शब्द. आणि त्याखाली लिहा, बाई धडधाकट होती. तिच्या छातीत कळ आलेली नव्हती."

ओइवा तिच्या चिखलाच्या बुटांकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा मत मागितलं, आणि नर्स ठेवण्यासाठी पहिला हात त्याचाच वर गेला.