गाडीची आगोट

नोकरीतून सुटले तेव्हा मी दोन गोष्टी विकत घेतल्या. एक गुडघ्याचा पट्टा आणि दुसरी एक जुनी, छोटी पेट्रोलची गाडी. पट्टा लवकरच कपाटात गेला, गाडी राहिली. जन्मभर रुग्णालयात सिस्टर म्हणून उभी राहिले होते, आता बसून कुठेतरी जावं असं फार वाटत होतं. या वयात कशाला हे उपद्व्याप, असं आळीतल्या सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही. ऐकण्याची सवय मला पहिल्यापासून कमीच.

गाडी घेण्याचं खरं कारण आई होती. मी रत्नागिरीत राहते, ती गावच्या घरी एकटी. हातखंब्याहून पुढे आत वळायचं, कातळाचा उघडा माळ ओलांडायचा आणि शेवटची घाटी चढली की आमचं घर. तिचं हृदय अशक्त झालंय. पायांवर सूज येते, गोळ्या कोणीतरी लावून द्याव्या लागतात. गावात येणाऱ्या एसटीचा भरवसा धरावा तर दिवस फुकट जातो. गाडी आल्यापासून मी हवं तेव्हा जायची, तिचं प्रेशर बघायची, गोळ्यांची डबी भरायची, कुळथाची पिठी आणि भात जेवून मुक्काम करायची. घाटीत माझ्या गाडीचा आवाज आला की ती चुलीवर भात चढवते, हा तिचा नेम. धाकटा भाऊ मुंबईला असतो. आईने आपल्याकडे यावं ही त्याची जुनी इच्छा, आणि जायचं नाही हा आईचा त्याहून जुना हट्ट. गाडी आली आणि दोघांमधला तो वाद थंड पडला.

मेअखेरीला आगोटीसाठी मी आईकडे राहायला गेले. आगोट म्हणजे पावसाआधीची भरणी. मीठ, मिरची, सुकी मासळी, डाळी, पापड, लोणची, सगळं चार महिन्यांसाठी घरात घेऊन ठेवायचं आणि दमट हवेपासून राखायचं. दमट हवा ही आईची जन्माची वैरीण. तिने तेलाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवलेल्या असतात. कात्रीने त्यांच्या गोल चकत्या कापायच्या, एकेका बरणीच्या झाकणात आतून घट्ट बसवायच्या आणि मग झाकण फिरवायचं. श्वास चालतो तोवर ती हे काम दुसऱ्या कोणाला करू देणार नाही. मी नुसती बरण्या पुसून तिच्या हातात देत होते.

पाऊस लागला आणि थोड्याच दिवसांत गाडी अडखळायला लागली.

सपाटीला ठीक चालायची. रत्नागिरीतून निघताना तर अगदी गुणी बाळ. पण कातळ ओलांडून घाटीला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी ती पुढे जायची नाही. एक गचका द्यायची, दम खायची, पुन्हा गचका. कधी तशीच रडतखडत चढायची, कधी बंदच पडायची. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू व्हायची, जशी काही मधे झोप काढून उठली. एमआयडीसीतल्या मेस्त्रीकडे नेली तर तिथे तिने एकदाही त्रास दिला नाही. दवाखान्याच्या दारात आल्यावर दुखायचं थांबणारे पेशंट मी खूप पाहिलेत. मेस्त्री भला माणूस, त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला आणि आता बघा म्हणाला. मी घाटीत जाऊन बघितलं. तसंच.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे म्हणाले, पंपावरचं पेट्रोल भेसळीचं. चुलत दीर म्हणाले, बायका क्लच लवकर सोडतात, दुसरं काही नाही. त्यांना मी चहा दिला नाही.

श्रावणात एका दुपारी आईच्या शेजारणीचा फोन आला. आईला धाप लागलीय, बोलता येत नाही नीट. मी होते तशी निघाले आणि गाडीने घाटीच्या निम्म्यावर हात टेकले. पाऊस मरणाचा. गाडी तिथेच कडेला टाकली आणि बॅग डोक्यावर धरून चढत गेले. पोचले तोवर आई भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीने तिला नीट बसवून जिभेखालची गोळी दिली होती आणि धाप उतरली होती. मला मात्र त्या चढणीवर जे वाटलं ते अजून विसरता येत नाही. इतकी वर्षं परक्यांच्या उशाशी वेळेवर उभी राहिले आणि स्वतःच्या आईपाशी पोचत नव्हते.

भावाला हे कळलंच. त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, गणपती झाले की आईला मी घेऊन येतो. तुझ्या गाडीच्या जिवावर तिला ठेवता येणार नाही.” तो खोटं बोलत नव्हता. मी आईला सांगितलं. तिने फक्त विचारलं की तिथे तुळस लावायला जागा आहे का. तेवढ्यावरून मला कळलं की तिने मनात बांधाबांध सुरू केलीय.

भाऊ गणपतीला आला तो एक मोठा खोका घेऊन. त्याला गाड्यांचा भारी नाद. स्वतःची नाही, पण दुसऱ्याच्या गाडीबद्दल तासन्‌तास बोलेल. खोक्यात जास्त हवा खेचणारा उघडा फिल्टर होता, जाड वायरी होत्या आणि एक चकचकीत सायलेन्सर. त्याचं म्हणणं असं की इंजिन म्हातारं झालंय, त्याला ताकद पाहिजे. तो हे सगळं माझ्यासाठी घेऊन आला होता आणि आईला न्यायचं टळलं तर त्यालाही हवंच होतं, हे मला दिसत होतं. तरी माझं डोकं फिरलं. जन्मभर लोक ओपीडीत येऊन हेच सांगायचे, सिस्टर, अशक्तपणा वाटतो, एखादं भारी टॉनिक द्या. काय होतंय, कधीपासून होतंय, काय केल्यावर होतंय, ते कोणी सांगणार नाही. अंगात रक्त का नाही ते न बघता टॉनिक पाजलं तर बाटली रिकामी होते आणि माणूस तसाच राहतो. मी भावाला म्हटलं, आधी दुखणं शोधूया. तो म्हणाला, मेस्त्रीने शोधलं ना, काय मिळालं? मी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

त्याने अंगणात बसून फिल्टर आणि वायरी बसवल्या. सायलेन्सर नंतर बसवू म्हणाला. गाडी चालू केली तर तिने असा आवाज काढला की पडवीतली मांजर आढ्यावर चढून बसली. भाऊ खूष. मीही थोडी आशेला लागले, हे कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी आईला तपासायला रत्नागिरीत न्यायचं होतं. भाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी, आई मागे उशीला टेकून. जाताना उतार, काही अडचण नाही. डॉक्टरांनी तपासलं, प्रकृती जशी होती तशी आहे म्हणाले. परतताना कातळावर गाडी जोरात पळाली आणि भाऊ माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागला. मग घाटी आली. गचका. पुन्हा गचका. नवा फिल्टर नुसता डरकाळ्या फोडत होता, चाकांत काही नाही. अर्ध्या चढावर ती बंद पडली, मी श्रावणात सोडली होती त्याच वळणापाशी. क्लच भाऊच सोडत होता, एवढं समाधान मला मिळालं.

त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. “बघितलंस ना ताई,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, तो कंटाळला होता आणि घाबरलाही होता.

मी खाली उतरले. खरं तर मला रडायला येत होतं आणि त्या दोघांसमोर रडायचं नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून गाडीची किल्ली घेतली आणि पेट्रोल आहे का ते बघायला टाकीचं झाकण उघडलं. एरवी ते पंपावरचा माणूसच उघडतो, मी गाडीतून उतरतही नाही. झाकण फिरलं आणि आत हवा शिरल्याचा लांब ‘स्सऽऽ’ असा आवाज आला.

तो आवाज ऐकून मी जागच्या जागी उभी राहिले. इंजेक्शनच्या बाटलीतून औषध ओढताना आधी तेवढीच हवा सिरिंजने आत सोडावी लागते. नाही सोडली तर बाटली औषध धरून ठेवते, कितीही जोर लावून ओढा, सिरिंजचा दट्ट्या सोडला की परत आत पळतो. हे मी हजारदा केलेलं होतं. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी, आणि ती येत नव्हती. सपाटीला इंजिन कसंबसं ओढून घेत होतं, घाटीत जास्त लागलं की टाकी देत नव्हती. उभी ठेवली की हळूहळू कुठून तरी थोडी हवा झिरपत असणार, म्हणून ती पुन्हा चालू व्हायची. पंपावर झाकण उघडलं की तिचं काही काळ बरं चालायचं आणि आम्ही श्रेय पेट्रोलला द्यायचो.

मी झाकण उलटं करून बघितलं. हवा आत जायला त्याला मधोमध बारीक वाट असते. त्या वाटेवर, कडेपर्यंत घट्ट दाबून बसवलेली, प्लास्टिकची एक गोल चकती होती. तेलाच्या पिशवीची. तिच्यावर सूर्यफुलाची एक पाकळीसुद्धा दिसत होती.

आईने मागच्या काचेतून माझ्या हातात झाकण बघितलं.

“ता काढू नको गो,” ती म्हणाली. “पावसाचा पानी जाईल आत.”

भाऊ मागे वळून तिच्याकडे बघायला लागला. मग तिने सगळं सरळ सांगितलं. आगोटीच्या दिवसांत गाडी पागोळीखाली उभी होती, आणि छपराची सगळी धार त्या झाकणावर पडणार हे तिला दिसलं. किल्ली खुंटीला होती. मी दुपारची झोपले होते. बरण्या चालल्याच होत्या, त्यांच्याबरोबर तिने गाडीचंही झाकण बंद करून टाकलं.

“आई, मला सांगायचंस तरी,” मी म्हटलं.

“त्यात काय सांगायचा? गाडी खराब झाली तर तू येशील कशी माझ्याकडे?”

मी रस्त्याच्या कडेला, पावसात, झाकण हातात धरून हसायला लागले, आणि हसता हसता मघाशी अडवलेलं रडूही येऊन गेलं. भाऊ उतरला, त्याने चकती नखाने काढली, झाकण लावलं आणि गाडी चालू केली. ती एकही गचका न देता घाटी चढली. वर पोचल्यावर आईने विचारलं, “मग आता मला न्यायचा नाय ना?” भावाने हँडब्रेक ओढला. “नाही,” तो म्हणाला. “तुला कशाला नेऊ? तू गाड्या दुरुस्त कर इथे.” त्या संध्याकाळी त्याने आपणहून उघडा फिल्टर काढून जुन्या फिल्टरचा डबा परत बसवला. खोका मात्र मुंबईला नेला, कोणाच्या तरी गाडीला होईल म्हणाला.

आईला ती चकती परत हवी होती, मिठाच्या बरणीसाठी. पेट्रोलचा वास येतोय सांगितलं तेव्हा तिने नाइलाजाने सोडली. टाकीच्या झाकणावर आता पावसात मी रबरी शीट टाकते, बाहेरून.

भाऊ एकटाच मुंबईला गेला. पुढच्या वेळी मी निघाले तेव्हा कातळावर पाऊस तसाच होता, आणि घाटीला लागताना सवयीने मी स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी सरळ वर गेली. अंगणात गाडी लावून आत गेले तर आई चुलीशी बसली होती आणि भात अजून शिजत होता.

“आज लवकर पोचलीस,” ती म्हणाली.