गळा बनाबाईचा, तोंड भोंग्याचं

बनाबाईचा राग अख्ख्या पिंपळगाव राजा गावाला ठाऊक. दूध कमी दिलं तर ती म्हशीला असं काही सुनावायची की म्हैसही मान खाली घालून ऐकून घ्यायची. पण समताच्या हळदीला बाई जशी पेटली, तशी कधी कोणी पाहिली नव्हती.

विहिणीची गाणी म्हणावीत तर बनाबाईनंच. नवऱ्या मुलाच्या आईला नाव घेऊन टोमणे मारायचे, मांडवानं हसायचं, अन सगळ्यात जास्त त्या विहिणीनंच हसायचं. त्यासाठी बाई आधी गपचूप चौकशी करायची. विहीण कशावर हसते, कशावर रडते? रडायच्या गोष्टीला हात लावायचा नाही. तिच्या टोमण्यानं कोणी विहीण जेवणावरून उठून गेली नाही, एवढीच जन्माची कमाई.

तिची नात महामाया हिनं ही गाणी मोबाइलवर भरून पोरींच्या ग्रुपवर टाकली. मागं ढोलकीचा ठेकाही मोबाइलातूनच लावला. पोरी त्यावर शिकू लागल्या. सासरी गेलेल्याही तिकडून गाऊन पाठवायच्या, अन बनाबाई मोबाइलात तोंड घालून ओरडायची, "थांब व! ओळीच्या मंधात दम काऊन घेते? कोन मागं लागलं तुह्या?" मोबाइलवर तिचा राग नव्हता. तो बिचारा सांगितलं तेवढंच वाजवायचा.

समता ही शेजारच्या देवानंदची पोरगी. तिची होणारी सासू कलाबाई हिवरा आश्रम गावाकडची. बनाबाईला कळलं होतं की ही बाई बसमध्ये बसली की झोपते, अन मेहकरला उतरायचं सोडून भलतीकडेच पोचते. झालं, गाणं तयार. अन हेही कळलं होतं की पोरगं रांगत होतं तेव्हाच तिचा नवरा घर सोडून गेला, तो आलाच नाही. तिकडं फिरकायचंच नाही, हे बाईनं मनाशी पक्कं केलं.

दुपारी मांडव भरला. बनाबाई मागच्या अंगणात हळद कालवत होती. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. तिचाच आवाज!

'कलाबाई विहीण सजून आली गं,
नवऱ्याले कुठं हरवून आली गं'

अर्धा मांडव हसला, अर्धा कलाबाईकडे पाहू लागला. बनाबाई हळदीच्या हातांनी धावत आली, तर कलाबाई पिशवी उचलून उभी.

"एवढं भोंग्यावर काऊन सांगा लागते, बनाबाई? जाय म्हटलं असतं तरी मी गेली असती."

"मी नाई म्हटलं व!"

"साखरपुड्याले ऐकला ना तुमचा आवाज. मी काय बहिरी हाय का?"

बनाबाईनं वळून पाहिलं. डीजेवाला शेखर दात काढून हसत होता. "आजी, कसं वाटलं? पोरींच्या ग्रुपमधली तुमची गाणी मशीनले ऐकवली. आता ते तुमच्या गळ्यानं काईबी म्हनते! यांचे मालक दिसले नाई, म्हनून गमतीनं टाकलं."

"गळा शिकला, अन लाज कोन शिकवन, बे शेखऱ्या? तुहा भोंगा?"

"चिडता काऊन? थांबा, माफीबी तुमच्याच आवाजात काढतो." अन त्यानं मोबाइलवर बोटं चालवली.

भोंगा रडवेल्या सुरात बोलला, 'कलाबाई, माह्यं चुकलं, पाया पडते मी तुमच्या.'

बनाबाई कलाबाईच्या पुढ्यात दात आवळून उभी होती. कलाबाईनं भोंग्याकडे पाहिलं, मग बनाबाईच्या मिटल्या तोंडाकडे पाहिलं. पिशवी हळूच खाली ठेवली.

बनाबाईनं जाऊन वायरच उपटली. भोंग्याच्या डब्यावर पाची बोटं पिवळी उमटली. "शिवी द्याची तर मी देईन! माफी मांगाची तर मीच मांगीन! तू कोन रे मंधात? पूस ते समदं!"

"पुसतो ना, आजी. पन..." शेखर पुटपुटला. "आजून दोन-चार डीजेवाल्याइले पाठवलं हाय."

बाईच्या डोळ्यांपुढं कोण्या कोण्या गावचे मांडव उभे राहिले. तिथं कोणाकोणाला काय काय म्हणत असेल तिचा गळा! उपटलेली वायर हातात घेऊनच ती खाली बसली.

कलाबाई जवळ सरकली. "माह्यावर कोनतं गानं केलं होतं तुमी?"

बनाबाईनं तोंड उघडलं, पण रागानं परत मिटलं. मग कलाबाईनंच वेड्यावाकड्या सुरात लावलं,

'बनाबाई बसली तोंड शिवून गं,
भोंगा तिचा पळाला शिव्या देऊन गं'

मांडव खदखदला. बनाबाई हसली नाही.

"चाल चुकली तुमची, विहीनबाई."

"मंग शिकवा ना. मी कुठं पळून चालली?"

बनाबाई लालबुंद चेहऱ्यानंच शिकवायला बसली. तिकडं महामायेनं शेखरला मांडवाच्या खांबाशी उभं करून एकेका डीजेवाल्याला फोन लावायला लावला. पहिला काही केल्या उचलेना.

"नाई उचलत, आजी," शेखर म्हणाला.

बनाबाईनं गाणं थांबवलं. "मंग आजून लाव."