तमाशाच्या नक्षीचे पडदे

सांगलीत पडद्यांचं आणि सोफ्याचं कापड छापणाऱ्या एका कारखान्यात मी नक्षीकाम करत होते. एकदा मालकांनी शंभरेक वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या बॅलेच्या पोशाखांची चित्रं माझ्यापुढे ठेवली. "शहरात आता हेच चालतंय. यावरून नक्षी काढा."

ठसठशीत वर्तुळं, नागमोडी पट्टे, झगझगीत नारिंगी आणि निळा. नाटकघरात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावं म्हणून सगळं मोठं. बघता बघता मला आईचा शालू आठवला. आई तमाशात नाचायची. फडापुढच्या गर्दीत मागं उभ्या असलेल्यालाही चमक दिसावी म्हणून तिनं पदरावर टिकल्यांच्या रुंद लाटा स्वतः शिवल्या होत्या.

मी बॅलेवरून दोन नक्ष्या काढल्या आणि तिसरी आईच्या पदरावरून. तिन्ही छापून आल्या.

कोरेगावात नवा बंगला बांधलेल्या एक बाई, फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांच्या पत्नी, पडदे बघायला आल्या. त्यांनी तिसरंच कापड उचललं. "दिवाणखान्याला हेच. हे कुठल्या बॅलेचं?"

"बॅलेचं नाही. माझ्या आईच्या तमाशातल्या शालूवरून काढलंय."

त्यांनी कापड खाली ठेवलं. विस्तवाला हात लागल्यासारखं. दुसरं घेऊन गेल्या.

मालक चिडले. "बॅले म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"तीही नाचणाऱ्या बायकांचीच कापडं आहेत," मी म्हटलं. "परदेशातली नाचली तर कला, आणि माझी आई नाचली तर लाज?"

"इथं राहायचं तर बॅलेच म्हणायचं."

दुसऱ्याच दिवशी मी काम सोडलं. घरी सांगितलं तर आईच रागावली. "लय शानी झालीस! म्हनायचं की बॅले. मी काय मरनार हाय व्हय त्यानं?"

"मी म्हणणार नाही," मी म्हणाले. "तुझं नाव पुसून मला एक वारही विकायचा नाही."

ती तोंड फिरवून भाकऱ्या थापायला बसली.

त्या बाईंच्याच कोरेगावच्या बाजारात मी एक गाळा भाड्यानं घेतला. बाहेरच्याकडून कापड छापून घेतलं आणि दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं: तमाशाच्या नक्षीचे पडदे. बघायला माणसं थांबायची, हसायची, पुढं जायची. पहिले काही महिने हसणारेच जास्त होते. मी पाटी पुसली नाही.

एके दिवशी आई न सांगता आली आणि गाळ्यात बसली. तेवढ्यात एक गृहस्थ कापड चाचपत म्हणाले, "आवं, ह्ये तमाशाचं घरात कोन लावनार?"

मी तोंड उघडायच्या आत आई उभी राहिली. पदर कमरेला खोचून म्हणाली, "नका लावू. पन पदर माझा हाय. चांगला न्हाई म्हनून सांगा, मग जावा."

गृहस्थ गडबडले. "चांगला न्हाई असं कुठं म्हनलं मी?"

"मग किती वार फाडू?"

त्यांनी दोन खिडक्यांपुरतं घेतलं. कात्री आईनंच चालवली.